जैवतंत्रज्ञानाचे बियाणे आणि आपली वही

संघाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी आम्हांस जो विषय देण्यात आला, तो आमच्या शिक्षणास सहज झेपणारा नाही, हे प्रथमच कबूल करतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारे आयुष्य धान-तांदळाच्या ठोक व्यापारात गेलेले. परंतु शेतीतील जैवतंत्रज्ञानाचा धंदा म्हणजे अखेर बियाण्याचाच धंदा होय, आणि त्या बियाण्यातून जे पिकते ते आपल्याच गोदामात येऊन पडते. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, असे म्हणून सुटका होणार नाही.

कंपन्यांच्या जगात हल्ली 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द फार ऐकू येतो. मराठीत त्यास शाश्वतता म्हणतात. आजचा नफा उद्याच्या नफ्याचे मूळ खाऊन मिळविलेला नसावा, आणि हिशेब केवळ रुपयांचा न ठेवता जमीन, पाणी व माणसे यांचाही ठेवावा, असा त्याचा सरळ अर्थ. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. पुढे सेबीने शेअरबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून आपल्या जबाबदारीचा अहवाल देणे सक्तीचे केले. आपल्या पेढ्या बहुतेक घरच्या किंवा भागीदारीच्या, त्यांस हे लागू नाही. शिवाय दोन टक्के कोठे दिले यापेक्षा उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो.

त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी कापूस संकरांस केंद्र सरकारच्या समितीने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, की बोंडअळीस मारणारे विष झाड स्वतःच तयार करते. परंतु लक्षावधी अळ्यांत ते विष पचविणारी एखादी निघतेच. म्हणून शेताच्या कडेस साध्या कपाशीचा पट्टा पेरण्याचा नियम होता. त्या पट्ट्यात वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला म्हणजे पचविण्याची शक्ती पुढील पिढीत विरून जाते. यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळत असे. ती पुडी पुष्कळ ठिकाणी बांधावर पडून राहिली. शेतकऱ्यास ती जागेची नासाडी वाटली, आणि विकणाऱ्या दुकानदाराने ती का दिली आहे हे समजावून सांगण्याची तसदी घेतली नाही. २००९ साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रकारच्या बीटीस दाद देईनाशी झाली. दोन जनुकांचे बियाणे २००६ मध्ये आले होते, त्याचीही पुढे तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीवर या अळीने मोठे संकट आणले. लांब मुदतीचे संकर व उशिरापर्यंत उभी ठेवलेली कपाशी हीही कारणे त्यामागे होती. पण पुडीची गोष्ट आमच्या मनातून जात नाही, कारण ती समजावून सांगावयाची होती ती आपल्यासारख्याच एखाद्या दुकानाच्या ओट्यावर.

आता कपाशीकडून आपल्या तांदळाकडे वळू. अमेरिकेत बायर कंपनीच्या एका तणनाशक-सहनशील तांदळाच्या चाचण्या २००१ पर्यंत चालल्या होत्या. बाजारासाठी त्यास परवानगी नव्हती. असे असता ऑगस्ट २००६ मध्ये त्याचे अंश तेथील विक्रीच्या लांब दाण्याच्या तांदळात सापडले. युरोपातील गिऱ्हाइकांनी हात आखडला, जपानने आयात थांबविली, भाव कोसळले. अखेर २०११ साली कंपनीस शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तो दाणा कोणाच्याही डोळ्यांस वेगळा दिसत नव्हता. आपण परखी घालून पोत्यातून नमुना काढतो, तळहातावर पसरतो, दातांखाली फोडून पाहतो; त्या परीक्षेत तो खुशाल उतरला असता.

हीच अडचण आता आपल्याही दाराशी येऊन ठेपली आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित तांदळाचे दोन वाण जाहीर केले. 'कमला' हे सांबा महसुरीपासून, आणि 'पुसा डीएसटी राईस १' हे एमटीयू १०१० पासून केलेले आहे. बीटी कपाशीत परक्या जिवाणूचे जनुक बसविलेले असते. येथे तसे नाही, वाणाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका फेरफार केलेला आहे. त्यामुळे २०२२ च्या निर्णयाने अशा वाणांस जुन्या नियमांतील कडक तपासणीतून सूट मिळालेली आहे. हे वाण चांगले की वाईट, याचा निवाडा आम्ही करीत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. कमी दिवसांत व खारवट जमिनीत पिकणारा तांदूळ कोणास नको असेल? परंतु उद्या एखाद्या परदेशी गिऱ्हाइकाने हा माल कोणत्या बियाण्याचा, असे विचारले, तर १०१० ची दोन पोती शेजारी ठेवून हाताने फरक सांगणारा पारखी आमच्या पाहण्यात नाही. ते उत्तर वहीतूनच द्यावे लागेल, आणि वहीत आज आपण काय लिहितो? शेतकऱ्याचे नाव, वजन, ओल, भाव. बियाणे कोठून आणले, हे विचारण्याची चाल आपल्यात नाही. इंग्रजी अहवालांत ज्यास ट्रेसेबिलिटी म्हणतात, ती मालाचा माग ठेवण्याची रीत म्हणजे वहीत आणखी एक रकाना, आणि त्या रकान्याप्रमाणे गोदामात वेगळी थप्पी.

नावाचीही जबाबदारी आहे. आपण रोज विकतो तो एचएमटी तांदूळ दादाजी खोब्रागडे यांनी निवडला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांस काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी जपून वर्षानुवर्षे वाढविल्या. त्यास एचएमटी हे नाव तळोधीच्या एका व्यापाऱ्याने, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून दिले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. दादाजींस २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, पण हलाखी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपला वाण नोंदविण्याचा व त्यापासून होणाऱ्या लाभात वाटा मागण्याचा हक्क दिला, २००२ च्या जैवविविधता कायद्यातही लाभवाटणी आहे. पण ज्या धंद्याने त्या तांदळावर गिरण्या उभ्या केल्या, त्याच्या वहीत दादाजींचे खाते कधी उघडले गेले नाही. त्यात आम्हीही आलो.

आमच्या चुकीची एक गोष्ट सांगणे येथे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी गोदामात दोन थप्प्या कोसळून चिन्नोर आणि दुसरा एक बारीक तांदूळ एक झाला. दाणा सारखाच दिसतो, असे मनाशी ठरवून आम्ही तो चिन्नोर म्हणून नागपुरास रवाना केला. आठ दिवसांत पत्र आले: भात शिजला, पण वास नाही. माल परत घेतला, दोन्हीकडचे भाडे सोसले, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्या पेढीवर आले नाही. तेव्हा निदान शिजणाऱ्या भाताने लबाडी उघडी केली. जनुकाच्या बाबतीत तेवढीही सोय नाही.

बालाघाटच्या चिन्नोरास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उंच वाढून लोळणारे, उशिरा पिकणारे आणि उत्पन्नास कमी असे हे धान शेतकरी लावतो, तो भाव मिळेल या भरवशावरच. गेल्या हंगामापासून आम्ही चिन्नोराच्या प्रत्येक पोत्यास गावाचे, शेतकऱ्याचे आणि बियाण्याच्या मुळाचे नाव लिहिलेली चिठ्ठी शिवतो व थप्पी भिंतीने वेगळी ठेवतो. दोन हमाल अधिक लागतात आणि मुनीम कुरकुरतो. गिऱ्हाईक चिठ्ठीचे वेगळे पैसे अद्याप देत नाही. या हंगामातही चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत, आणि सभासदांपैकी कोणास नमुना हवा असल्यास पेढीवरून न्यावा.