कोरड्या त्वचेसाठी कोरफडीचा रात्रीचा लेप : गर काढण्यापासून जपणुकीपर्यंत

मार्गशीर्ष-पौषातील कोरडी हवा, पहाटेचे गार वारे आणि दिवसभराचे ऊन यांचा परिणाम शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या चेहऱ्यावर लवकर दिसू लागतो. गालांची त्वचा ताणल्यासारखी होते, ओठांच्या कडेला पापुद्रे सुटतात, घाम आला की चुरचुरते. विदर्भ, मराठवाडा, राजस्थान, माळवा अशा कोरड्या हवेच्या प्रदेशांत हा त्रास कोकणासारख्या दमट किनारपट्टीपेक्षा अधिक जाणवतो. त्यावर परसातील कोरफडीचा गर रात्री चेहऱ्याला लावून झोपण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. उपाय चांगला आहे. मात्र त्याचा गुण गर कसा काढला, त्यावर काय लावले आणि तो किती दिवस ठेवला यावर अवलंबून असतो.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ चुन्या-सिमेंटसारखे काम करतात. ही स्निग्धता कमी झाली की आतील पाणी हवेत उडून जाते. रात्रीच्या वेळी त्वचेतून पाणी उडण्याचे प्रमाण दिवसापेक्षा काहीसे वाढते, म्हणून रात्रीच्या लेपाला अर्थ आहे. अशा लेपाकडून तीन कामांची अपेक्षा असते : पाणी देणे, ते धरून ठेवणे आणि उडू न देणे. कोरफडीच्या गरात ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्प भागातील बहुशर्करा त्वचेवर पातळ, ओलसर पापुद्रा तयार करतात. पहिले काम गर उत्तम करतो, दुसरे थोडेफार करतो, तिसरे जवळजवळ करीतच नाही. केवळ गर लावून झोपलेल्यांची त्वचा सकाळी अधिकच ताणलेली वाटते, त्याचे कारण हेच.

पानाची निवड आणि पिवळा चीक

प्रथम वनस्पतीची ओळख पक्की असावी. बांधावरील घायपात दिसायला कोरफडीसारखा असला तरी त्याचा रस त्वचेला दाहक असतो. खाज आणि पुरळ उठते. कुंड्यांतील शोभेच्या कोरफडवर्गीय वनस्पतींबाबतही खात्री नसल्यास त्या वापरू नयेत. लागवडीनंतर साधारण ८ ते १० महिन्यांनी झाडाची खालची, बाहेरच्या बाजूची जाड पाने तोडण्याजोगी होतात. त्यांतील एक पान बुंध्याजवळून स्वच्छ सुरीने कापावे. फवारणी झालेल्या शेतातील पान चेहऱ्यासाठी न घेणेच बरे.

कोरफडीच्या पानात हिरव्या सालीच्या लगेच आत पिवळा, कडू चीक वाहणाऱ्या नलिका असतात आणि त्यांच्या आत पारदर्शक गर. हाच चीक आटवून पूर्वापार काळाबोळ तयार केला जातो. त्यातील अ‍ॅलोइन हे द्रव्य तीव्र रेचक आहे आणि नाजूक त्वचेला चुरचुर व लाली आणू शकते. कोरफड ‘सोसत नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात गर नव्हे, तर हा चीक सोसलेला नसतो. रात्रभर ठेवायच्या लेपात तो सात-आठ तास त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे येथे घाई महागात पडते.

म्हणून कापलेले पान धुऊन, कापलेली बाजू खाली ठेवून, भांड्यात किमान अर्धा तास उभे करावे. पिवळा द्रव खाली निथळतो. त्यानंतर कडांचे काटे काढावेत, दोन्ही बाजूंची साल सुरीने थोडी जाडच उतरवावी आणि मधली पारदर्शक वडी अलग करावी. साल खरवडून गर काढण्याची पद्धत सर्रास दिसते; त्यात नेमका चीकच गरात मिसळतो. निघालेली वडी उकळून थंड केलेल्या पाण्यात दोन-तीन वेळा, पाण्याला पिवळी झाक येईनाशी होईपर्यंत धुवावी.

लेप तयार करणे व लावणे

एका वेळेसाठी गराचे दोन लहान चमचे पुरतात. वडी चमच्याने कुस्करून स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळावी. मिक्सरमध्ये फिरवल्यास फेस होतो आणि लेप लावणे अवघड जाते. गाळलेल्या गरात पाव लहान चमचा औषधाच्या दुकानात मिळणारे शुद्ध ग्लिसरीन मिसळावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते; पण ते अधिक घातल्याने लाभ वाढत नाही, चेहरा चिकट होतो. कोरड्या हवेत दाट ग्लिसरीन तसेच चोळल्यास उलट त्रास होऊ शकतो.

तेल या मिश्रणात घालू नये, ते वर तरंगत राहते. चेहरा कोमट पाण्याने धुऊन किंचित ओला असतानाच गर-ग्लिसरीनचा पातळ थर द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी तो मुरला की तळहातावर तेलाचे चार-पाच थेंब पसरून चेहऱ्यावर हलके दाबावेत. तिसरे काम हे तेल करते. येथे महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीतील करडई उपयोगी पडते. पारंपरिक करडई तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते आणि त्वचेच्या संरक्षक थराच्या घडणीत याच आम्लाचा वाटा असतो. (अलीकडच्या उच्च ओलिक वाणांच्या तेलात मात्र हे प्रमाण उलटे असते, ते खाण्यास आणि टिकण्यास सरस, या कामास तितके नाही.) घाण्याचे करडई तेल नसल्यास तिळाचे किंवा सूर्यफुलाचे तेल चालते. उत्तर भारतात अंगाला चोळले जाणारे मोहरीचे तेल चेहऱ्यावर रात्रभर ठेवू नये; त्यातील झणझणीत घटक दाहक असतात. गालांवर पापुद्रे सुटलेल्या ठिकाणी तेलाऐवजी पेट्रोलियम जेलीचे अगदी पातळ बोट फिरवावे. पाणी अडवण्यात तिच्याइतके प्रभावी दुसरे काही घरात नसते.

लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, दही, हळद यांची भर घालण्याचा मोह टाळावा. लिंबू अतिआम्ल आहे आणि त्याचा अंश त्वचेवर राहून ऊन लागल्यास डाग पडू शकतात. सोडा त्वचेची नैसर्गिक सौम्य आम्लता बिघडवतो. दह्याचे काम ताटात.

नवा लेप थेट चेहऱ्यावर न लावता प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज, लाली उमटल्यास तो वापरू नये. हरभऱ्याच्या शेतात काम केलेल्या दिवशी विशेष जपावे. हरभऱ्याच्या पानांवरील आंब म्हणजे मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल. तिने चरचरणाऱ्या त्वचेवर त्या रात्री लेप न देता साध्या पाण्याने धुऊन केवळ तेल वा जेली लावावी. भेगा, पू, इसब किंवा पसरणारे चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. एरवी आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरेशा आहेत. सकाळी साबण न लावता कोमट पाण्याने चेहरा धुवावा.

टिकवण्याचा प्रश्न

पाणी आणि शर्करा असलेला गर जंतूंना व बुरशीला फारच मानवतो. घरात काढलेला गर बाटलीत भरून आठवडाभर वापरणे ही या उपायातील सर्वांत मोठी चूक होय. रंग तांबूस होणे, वास येणे या खुणा उशिरा दिसतात. जंतू त्याआधीच वाढलेले असतात. जीवनसत्त्व ई ची गोळी फोडून घातल्याने गर टिकतो असा समज आहे. ते तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जंतूंना अडवत नाही. गुलाबपाणीही अडवत नाही. तयार मिश्रण त्याच रात्री संपवावे आणि उरलेले टाकून द्यावे. धुतलेल्या वड्या बर्फाच्या साच्यात गोठवून दोन-तीन आठवडे एकेक वापरता येतात. वितळल्यावर गर पातळ होतो, तरी काम देतो. परसात झाड असेल तर तेच उत्तम कोठार.

काही महिला बचत गट हा लेप बाटल्यांत भरून विकण्याचा विचार करतात. घरासाठी केलेला लेप आणि विक्रीचा माल यांत कायद्याने मोठा फरक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करण्यास राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्यासाठी योग्य जागा, तंत्रज्ञ, मान्य परिरक्षके, तपासणी आणि लेबल यांची तयारी ठेवावी लागते. ती नसलेल्या गटाने निथळलेली, धुतलेली ताजी पाने प्रक्रिया उद्योगांना किंवा स्थानिक बाजारात विकणे अधिक व्यवहार्य ठरते. कोरफडीच्या लागवडीसंबंधी माहितीसाठी गुजरातमधील आणंदजवळच्या बोरियावी येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयाशी किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधता येतो.