सेकंड लाइफमध्ये जमीन घेण्याआधी

अगं मनू, तू सेकंड लाइफ या ऑनलाइन जगातल्या अवतारांसाठी पैठण्या करून विकतेस, हे ऐकून मला भारीच वाटलं. आईला कळलं तर ती आधी विचारेल, पदरावरचे मोर नीट आलेत का! पण आता तिथे जमीन घ्यायची म्हणालीस, तेव्हा वाटलं, जरा बोलावंच. तिकडे सातबारा नसतो गं. खातं उघडताना न वाचता ‘मान्य’ केलेल्या अटी, तोच तिथला कायदा.

पेनसिल्व्हेनियातल्या मार्क ब्रॅग नावाच्या वकिलानं 2006 मध्ये तिथे 300 डॉलरला एक तुकडा घेतला. लिलावातल्या पळवाटेनं घेतलास, असं म्हणत सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीनं त्याचं खातंच गोठवलं. तो तुकडा गेलाच, आधीचं सगळंही अडकलं. वकीलच तो, गेला कोर्टात! कंपनी म्हणाली, अटींप्रमाणे वाद लवादापुढे, तोही सॅन फ्रान्सिस्कोत. 2007 मध्ये न्यायाधीश एडुआर्डो रोब्रेनो यांनी ती अट अमान्य केली. कंपनीनं मनाला येईल तेव्हा खातं बंद करायचं, अटी हव्या तेव्हा बदलायच्या, आणि दाद मागणाऱ्यानं मात्र महागडा लवाद सोसायचा, हे त्यांना फारच एकतर्फी वाटलं. पण लगेच खूश होऊ नकोस. पुढे दोघांत तडजोड झाली, आणि जमीन खरी कुणाची हा प्रश्न लोंबकळतच राहिला.

पैशांचंही तेच. 2007 च्याच जुलैमध्ये कंपनीनं जुगार बंद केला आणि कॅसिनो ओस पडले. त्या धसक्यानं लोक गिंको फिनान्शियल नावाच्या तिथल्या बँकेतून पैसे काढायला धावले, तर ऑगस्टमध्ये बँकच बुडाली. त्यानंतर कुठे, जानेवारी 2008 मध्ये, विनापरवाना बँकांना मनाई झाली. तोवर ठेवीदारांचे हात रिकामे.

तुझ्या डिझाइनचा हक्क मात्र तुझ्याकडेच राहतो. 2003 पासूनचं त्यांचं हे धोरण मला खरंच दिलदार वाटतं. तिथे चालणाऱ्या लिंडन डॉलरचं तसं नाही. तो पैसा नव्हे, अटींच्या भाषेत वापरायचा मर्यादित परवाना. म्हणून खात्यात साठवत बसू नकोस, बऱ्यापैकी जमले की काढून घे. साड्यांचे मूळ नमुने तुझ्या लॅपटॉपवर हवेतच, आणि विक्रीची नोंदही उतरवून ठेव. उद्या खातं बंद झालं, तर हातात काहीतरी राहील.

अटी अख्ख्या वाच असं म्हणणार नाही, तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. खातं कधी बंद करतात, पैशाचं काय, तुझ्या मालाचं काय, भांडण कुठे लढायचं, एवढं शोध. कळलं नाही तर तेवढा भाग मला पाठव, रविवारी बसून बघू. जमिनीचं म्हणशील तर आधी कुणाकडून तरी भाड्यानं घे, दुकान चालतंय का ते तरी कळेल.

आणि पैठणीची किंमत किती लावलीयस? कमीच लावली असशील, ओळखते मी तुला.