विजेचा शिक्का घेण्याआधी

अरे, संचालकांनी विजेवरचं एम्बॉसिंग, म्हणजे उठावाच्या शिक्क्याचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि दरपत्रकं मागवायचं काम नव्या सचिवाच्या, म्हणजे तुझ्या गळ्यात पडलं, हे वहिनीकडून कळलं. तुझ्या आत्याची अख्खी नोकरी कचेरीतल्या शिक्क्यांशेजारी गेली, तेव्हा फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते.

आधी भागदाखल्यांचं रजिस्टर उघड आणि वर्षभरात किती दाखले निघाले ते मोज. सरासरी काढू नकोस, तिचा उपयोग नाही. वारूळवाडी-नारायणगावच्या पतसंस्थेत टोमॅटोच्या लागवडीचे दिवस आले, की कर्जासाठी सभासद व्हायला माणसं येतात. मार्चअखेरीला थोडी हालचाल होते, बाकी महिने पंख्याखाली जातात. म्हणून सगळ्यात गर्दीचा दिवस धर. त्या दिवशी वीस-पंचवीस दाखले होत असतील, तर टेबलावरचा दांड्याचा हातशिक्का पुरून उरतो, आणि मी संचालक असते तर पैसे वाचवले असते. सगळ्या सभासदांचे जुने दाखले बदलून द्यायचे असले, किंवा एखाद्या कॉलेजासारखी शेकड्यांनी प्रमाणपत्रं काढायची असली, तर गोष्ट वेगळी. दीड-दोनशे दाखल्यांनंतर मनगट बोलायला लागतं आणि ठसे फिके पडत जातात. विजेचं मशीन शेवटचा कागदही पहिल्याइतकाच दाबतं, त्याची खरी किंमत तीच. वेळ वाचेल अशी आशा धरू नकोस, कारण कागद एकेक करून हातानंच लावावा लागतो.

मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणेल, ‘आता शिक्का लागतो कुठं?’ कंपन्यांना नाही लागत. 2015 च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यातली सक्ती गेली. आपली संस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालची. त्याच्या कलम 36 प्रमाणे नोंदणी झाली की संस्थेला स्वतंत्र अस्तित्व आणि स्वतःचा सामाईक शिक्का मिळतो. ग्रामपंचायतीलाही 1958 च्या कायद्यानं तसाच आहे. तो उठावाचाच हवा की शाईचा चालतो, हे मात्र तुमच्या उपविधीत बघ. दाखल्यावर सह्या कुणाच्या आणि शिक्का कुणासमोर, हेही तिथंच मिळेल. आणि एक विचार संचालकांच्या कानावर घालून ठेव. 1 मे 2018 पासून सातबारा डिजिटल सहीचा मिळायला लागला आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का लागेनासा झाला. तुमचे दाखलेही पाच-सात वर्षांत त्या वाटेनं जाणार असतील, तर महागडं मशीन कशाला?

आता डायकडे ये. सगळे मोटारीची चौकशी करतात आणि पैसे खरे घालायचे ते डायमध्ये. डाय म्हणजे नर-मादीची जोडी, एकीवर अक्षरं उठलेली, दुसरीत तीच खोल गेलेली, मधे कागद. प्लॅस्टिकची डाय स्वस्त पडते आणि हातशिक्क्याला चालतेही, पण मोटारीच्या दाबाखाली तिच्या कडा लवकर बोथट होतात. पितळेची किंवा पोलादाची माग आणि दरपत्रकात धातूचं नाव लिहून घे.

मापावर तर नव्वद टक्के लोक फसतात. साधा शिक्का 40 मिलिमीटर व्यासाचा असतो. अक्षरांची रांग कडेपासून थोडी आत बसते, म्हणजे 36 चं वर्तुळ धर. त्याचा घेर भरतो सुमारे 113 मिलिमीटर. आता त्यात ‘ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित, वारूळवाडी, ता. जुन्नर, जि. पुणे’ बसवून दाखव, आणि याच्या आधी संस्थेचं नाव आहे ते वेगळंच! एकेका अक्षराला तीन मिलिमीटरसुद्धा येत नाहीत. त्यात ‘र्या’चा रफार, ‘स्था’चं जोडाक्षर, ‘जि’ची वेलांटी, सगळ्याचा गोळा होतो. 50 चा शिक्का घेतलास, तर घेर 144 च्या आसपास जातो आणि अक्षरं श्वास घेतात. नोटरीच्या शिक्क्याला नियमानंच पाच सेंटिमीटर व्यास ठरवून दिलाय, त्यामुळे 50 ची डाय बसणारी यंत्रं बाजारात मिळतात. तरीही मावत नसेल, तर तालुका-जिल्हा आणि नोंदणी क्रमांक मधल्या जागेत आडव्या ओळींत घाल.

देवनागरीची आणखी एक खोड आहे, ती इंग्रजी शिक्के करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपली शिरोरेषा गोलात फिरली, की तिचं जवळजवळ अखंड कडं होतं. डाय धारदार कोरलेली असेल आणि मोटारीचा दाब जास्त लावला असेल, तर त्या कड्यावर कागद कापला जातो. दाखला उन्हाकडे धरलास तर बारीक फट दिसते, आणि वर्षभरानं घड्या घालून घालून शिक्क्याची टिकली गळून पडते. कोरणाऱ्याला सांगायचं, शिरोरेषेच्या कडा जरा गोल ठेव, आणि शब्दाशब्दांत अंतर सोड. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास शिक्केवाले आहेत, त्यांच्याकडे स्वतः जा आणि नमुना आपल्याच दाखल्याच्या कागदावर काढून घे. दुकानातल्या गुळगुळीत कार्डावर कुठलीही डाय छान उठते. नमुना नोंदणी प्रमाणपत्राशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. वारूळवाडीचा ‘रू’ तिथं जसा असेल तसाच इथं हवा, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व.

मशीनचा जबडा किती खोल आहे ते विचार, म्हणजे कागदाच्या कडेपासून शिक्का किती आत पोचतो ते. दाखल्यावर शिक्क्याची जागा जिथं छापली असेल तिथपर्यंत पट्टीनं मोज आणि तो आकडा पाठव. जागा नव्यानं ठरवायची असेल, तर शेवटच्या ओळीला लागून ठरव. शिवनेरीच्या सावलीतला तू, तुला वेगळं सांगायला नको. महाराजांच्या पत्रांवर अष्टकोनी मुद्रा वर असायची आणि मजकूर संपला की लगेच खाली मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे मागाहून एक ओळ घुसवायला जागाच नाही. सह्यांवर मात्र शिक्का मारू नकोस, सही वाचता येत नाही. क्यूआर कोडवर तर मुळीच नको, मोबाइल तो वाचत नाही.

विजेचं बोलायचं तर मशीनवरची पट्टी आधी वाच. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ लिहिलेलं हवं. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी काही परदेशी यंत्रं 110 व्होल्टवर चालतात, आपल्या प्लगात घातली की धूर. सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावात दाब कसा पडतो, ते तुला माहीत आहे. तेव्हा दाब कमी झाल्यावर मशीन अर्ध्यात अडकतं का, आणि अडकलं तर कागद हातानं सोडवता येतो का, हे विक्रेत्याला करून दाखवायला लाव. इन्व्हर्टरवर चालवणार असशील तर तेही आधीच विचार. मोटार सलग किती वेळ चालते, मधे किती थंड होऊ द्यावी लागते, डाय बदलायला कोण येणार, पुण्याहून येणार की मशीनच पाठवायचं, हे सगळं दरपत्रकात लेखी घे. आणि हातशिक्का भंगारात काढू नकोस. लाइट गेली की तोच कामाला येतो.

बोटांचं सांगायचं राहिलं. काही यंत्रांत कागद आत सरकला की सेन्सरवर आपोआप दाब पडतो, काहींना पायाचं पेडल असतं. मला पेडल बरं वाटतं, दोन्ही हात कागदावर राहतात आणि दाब आपण ठरवू तेव्हाच पडतो. दोन्ही प्रकारांत जबड्यापुढे अडसर हवाच, आणि त्याची फट कागद जाईल पण बोट जाणार नाही एवढीच. घडी घातलेला पुठ्ठा घालून बघ. बोटाच्या जाडीचा पुठ्ठा आत गेला तर मशीन परत.

कागद शंभर-सव्वाशे जीएसएमचा बाँड घे. झेरॉक्सच्या पातळ कागदावर शिक्का उठतो खरा, पण फायलीत दबला की सपाट. पावसाळ्यात कागद सादळलेला असतो, ठसा खोल उमटतो आणि गठ्ठ्याखाली तेवढाच लवकर बसतो. त्या दिवसांत दाखले रात्रभर वजनाखाली ठेवायचे नाहीत. सभासदांना बजावून सांग, दाखला लॅमिनेट करू नका. गरम रुळाखालून गेला की शिक्का गेलाच. झेरॉक्सवर उठावाचा शिक्का दिसत नाही म्हणून लोक तक्रार घेऊन येतील. तिरप्या उजेडात मोबाइलनं फोटो काढला तर अक्षर न् अक्षर दिसतं. झेरॉक्समध्ये ठसा दिसावा म्हणून पेन्सिल घासायची असेल तर ती प्रतीसाठी काढलेल्या जादा ठशावर घास, मूळ दाखल्यावर नाही.

कुलूप असलेलंच मशीन घे आणि किल्ली शिपायाच्या खिळ्यावर टांगू नकोस. कुलूप नसेल तर संध्याकाळी डाय काढून तिजोरीत. शिक्क्याची वही आजच घाल: तारीख, दाखला क्रमांक, ठराव क्रमांक, कुणासमोर. वाया गेलेला कागदही फाडून टाकू नकोस, त्यावर ‘रद्द’ लिहून वहीला टाच. नवी डाय आली, की जुन्या जोडीवर संचालकांसमोर कानशीनं आडवी-उभी फुली मार आणि तसं इतिवृत्तात लिहून सह्या घे.