माशी, मासा आणि तारखा

डिसेंबरात परीक्षा संपली की आपल्यातले बरेच जण कुलू-मनालीला पळतात. तिथल्या नद्यांत ट्राऊट मिळतो आणि तो स्वतः पकडायचा बेत ट्रेकच्या प्लॅनमध्ये हमखास घुसतो. म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं : हिमाचलच्या ट्राऊटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. एरवीसुद्धा मत्स्य विभागाचं लायसन्स लागतं.

आता ही तारीख वायवाच्या उत्तरासारखी पाठ करण्यात मजा नाही. ती आली कुठून ते बघू.

ट्राऊट पकडायची जुनी, शौकिनांची रीत म्हणजे फ्लाय फिशिंग, अर्थात माशी दाखवून मासा धरणं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं आणि ते दोरी ओढत नेतं. इथे उलटं. पिसं आणि धागा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीला वजन जवळपास नसतंच, म्हणून दोरीच जाड आणि जड ठेवतात. फेकायची ती दोरी, माशी आपली मागोमाग जाते. (मेकॅनिकलवाल्यांनी चाबूक आठवावा.) हे करायला माणूस उथळ, वाहत्या, खडीच्या पाण्यात गुडघाभर उतरतो. नेमकी तिथेच भानगड आहे.

ब्राऊन ट्राऊटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी शेपटीने खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. खडीच्या फटींतून पाणी वाहत राहिलं तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. वरून आपला बूट पडला की अंडी चिरडतात आणि उडालेला गाळ फटींत बसला की उरलेली गुदमरतात. मासा पकडून परत सोडला म्हणून हे नुकसान टळत नाही.

अंडं फुटायला किती दिवस लागतात? याचं उत्तर दिवसांत देता येत नाही, डिग्री-डेमध्ये द्यावं लागतं. पाण्याचं रोजचं तापमान मिळवत जायचं. ब्राऊन ट्राऊटला ढोबळमानाने ४०० ते ४५० लागतात. पाणी १० अंश असेल तर ४०-४५ दिवस, ५ अंश असेल तर ८०-९०. म्हणजे १५ नोव्हेंबरला घातलेलं अंडं ५ अंशाच्या पाण्यात फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुटणार. त्यानंतरही पिल्लू पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत काही आठवडे खडीतच पडून असतं. करा बरं बेरीज! फेब्रुवारीअखेर ही तारीख कुणा क्लार्कच्या डोक्यातून निघालेली नाही, हे माझ्या मते इथेच सिद्ध होतं.

त्याच हिमाचलात गोविंदसागर आणि पोंग जलाशयांवर मात्र बंदी पावसाळ्यात, साधारण १६ जून ते १५ ऑगस्ट, कारण तिथले रोहू-कटला पावसात वितात. आपल्या कोकणातली यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. तिथे विणीबरोबर खवळलेला समुद्रही आहे.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात तर महिन्यांबरोबर तासांचाही नियम आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअसला पोचलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशात जेमतेम ९. आणि गरम पाण्यात माशाची भूक वाढते ती ऑक्सिजनचीच. झुंजून दमलेला ट्राऊट अशा वेळी सोडला तरी बऱ्याचदा मरतो.

तर डिसेंबरवाल्यांनी गळ घरीच ठेवावा. ट्राऊट खायला मिळेल, कुलूकडे तळ्यांत पाळलेला रेनबो ट्राऊट विकतात. पण ढाबेवाला जर म्हणाला, "आजच नदीतून काढलाय," तर तो एक तर थाप मारतोय, नाहीतर चोरीचा मासा खपवतोय.