चेन्नईत मन बिघडलं तर खिशाला किती?

माझी पुतणी चेन्नईत एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिचा फोन आला, "काका, नाइट संपली, बस समोर उभी आहे, पण चढावंसंच वाटत नाहीये." सलग आठ नाइट झाल्या होत्या. त्या दिवशी कागद घेऊन आम्ही जो हिशेब मांडला, तोच इथे जरा नीटनेटका करून देतो. पोरं तिकडे नोकरीला किंवा शिकायला असलेल्या घरांना उपयोगी पडेल.

पहिल्या फोनला पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास चालू. भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. ही बाब किरकोळ समजू नका. ड्युटीपुरतं तमिळ येतं, पण "जीव घाबरा होतो" हे तमिळमध्ये कसं सांगायचं? जगणं नको, असे विचार येत असतील तर चेन्नईचीच 'स्नेहा' आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली सुरू केलेली ही संस्था पैसे घेत नाही. नंबर ०४४-२४६४००५०.

प्रत्यक्ष डॉक्टर हवा असेल तर किल्पॉकचं सरकारी मानसिक आरोग्य संस्थान. संस्था १७९४ पासूनची, या जागेवर १८७१ पासून. आपल्याकडे येरवड्याचं नाव घेऊन जसे विनोद होतात, तसेच तिकडे किल्पॉकचं नाव घेऊन होतात, त्यामुळे पुतणी आधी नाहीच म्हणाली. पण ओपीडीत तपासणी मोफत, औषधं मोफत. साध्या सिटी बसला २०२१ पासून बायकांना तिकीट नाही, म्हणजे जाण्यायेण्याचाही खर्च शून्य. लागतो तो वेळ. सकाळ पूर्ण मोडेल असं धरूनच निघा आणि तमिळ बोलणारी एखादी मैत्रीण सोबत न्या.

खासगीत मानसोपचारतज्ज्ञाची फी हजार रुपये आणि समुपदेशनाच्या एका बैठकीचे दीड हजार धरू. कुठे कमी असेल, नावाजलेल्या ठिकाणी जास्त. पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांकडे चार खेपा आणि दहा बैठका म्हणजे एकोणीस हजार, औषधं वेगळी. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, म्हणून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात जा. बिल निम्म्याच्या खाली येतं. पैसे देण्याआधी पदवीही विचारा. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीपीएम केलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. 'लाइफ कोच'कडे बहुधा फक्त रिसेप्शनिस्ट असते.

खरा खर्च मात्र रजेचा. पुतणीने व्हॉट्सॲपवर सॅलरी स्लिप पाठवली. पगार अठरा हजार, कपातीच्या रकान्यात 'ईएसआय १३५'. दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो आणि तो कशासाठी, हे तिला तीन वर्षं माहीत नव्हतं. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असतो. उपचार मोफत, के. के. नगरला त्यांचं मोठं रुग्णालय आहे. हप्ते पुरेसे भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, म्हणजे तिच्या बाबतीत महिना सुमारे १२,६००. स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य असे काही मानसिक आजार तर दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. नोकरीला दोन वर्षं झाली असतील तर त्यांच्यासाठी ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. सर्टिफिकेट मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं.

ऑल इंडिया कोट्यातून एमडीला गेलेल्या मुलामुलींची अडचण निराळी. किल्पॉकची संस्था मद्रास मेडिकल कॉलेजशी जोडलेली, म्हणजे तिथल्या रेसिडेंटला समोर आपलेच सीनियर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, तरी कॉलेजबाहेरचा डॉक्टर गाठलेला बरा. मेडिक्लेमवाल्यांना याच कायद्याने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडी आणि बैठका आपल्याच खिशातून.

आता मिरजेच्या ओळखीच्या घरातला मुलगा. वय तेरा, हिफ्जसाठी, म्हणजे कुराण तोंडपाठ करायला, चेन्नईजवळ राहायला. तिकडे निवासी मदरशाला 'अरबी कॉलेज' म्हणतात आणि उस्तादांना 'हजरत'. राहणं-जेवण मोफत, त्यामुळे आईबापांना तक्रार करायचीही चोरी. शुक्रवारी फोन मिळाला की तो आईला एकच सांगे, पोटात दुखतंय. दोन सोनोग्राफ्या झाल्या, दोन्ही नॉर्मल, पैसे गेले. मग नजर लागली म्हणून कुणी दर्ग्याचं नाव काढलं. दुवा मागायला हरकत कुणाची? पण याच तमिळनाडूत, दर्ग्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. माणसाला साखळीने बांधायला आता कायद्यानेच बंदी आहे.

अठराच्या आतल्या मुलाच्या उपचारांचे निर्णय पालकांनीच घ्यायचे असतात. तेव्हा बापाच्या दोन फेऱ्यांचं रेल्वेभाडं आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरा. मुलाला स्वतःहून बोलायचं असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८, मोफत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना, वसतिगृहांसकट, बजावलं आहे : शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्या. हे हजरतांपुढे आवाज न चढवता मांडता येतं.

मिरजेच्या बापाने तसंच केलं. समुपदेशक लगेच कुठून येणार? म्हणून त्याने मागितलं एवढंच : शुक्रवारशिवाय मंगळवारी अर्धा तास फोन, आणि दार बंद असलेली खोली. हजरतांनी आपलीच खोली दिली. आधी बापाने स्वतः १४४१६ लावून सगळं सांगितलं, मग फोन मुलाच्या हातात देऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.