वाऱ्याचा वेग आधी कसा सांगतात?

देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांना तोफांचे आवाज परिचयाचे असतात. तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्कराची ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ येथेच आहे. लांब पल्ल्याचा गोळा अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ हवेत असतो. तेवढ्या वेळात वारा त्याला बाजूला ढकलतो. म्हणून तोफखान्यात हलक्या वायूचा फुगा सोडतात आणि तो कसा वाहत जातो यावरून निरनिराळ्या उंचीवरील वारा मोजतात.

तोफेला आत्ताचा वारा कळला की पुरते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर मात्र पवनचक्क्या आहेत; तेथे उद्याचा वाराही कळावा लागतो. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. समजा, वेग अंदाजापेक्षा १० टक्क्यांनी कमी निघाला. ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणजे शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटली! ही तूट दुसऱ्या वीजकेंद्राने भरून काढायची, तर तयारी आधीच हवी.

हा अंदाज बांधण्याच्या तीन मुख्य पद्धती पाहू.

१) ‘आहे तसेच राहील’ : आत्ता जो वेग आहे, तोच थोड्या वेळानेही असेल असे मानायचे. पुढील काही मिनिटांसाठी ही साधी पद्धत हरवणे कठीण असते. पण सकाळच्या वाऱ्यावरून दुपारचा सांगू गेलो तर फसतो. ऊन चढले की जमिनीलगतची हवा तापून वर जाते, वरची वेगवान हवा खाली येते आणि वारा वाढतो.

२) संख्याशास्त्रीय पद्धत : जुन्या नोंदींची मदत घ्यायची. समजा, दुपारी १२ वाजता वाऱ्याचा वेग ताशी १० किलोमीटर आहे आणि या दिवसांत ३ वाजता तो सरासरी १६ असतो. दोहोंना सारखे महत्त्व दिल्यास ३ वाजताचा अंदाज १३ येतो. कोणाला किती महत्त्व द्यायचे, हे जुन्या नोंदींवरूनच ठरवतात.

३) भौतिकीय पद्धत : हवेचा दाब, तापमान, पृथ्वीचे परिवलन व जमिनीचे घर्षण यांची समीकरणे संगणकाने सोडवायची. एक-दोन दिवस पुढचे पाहायचे तर हीच उपयोगी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २०२५ साली सुरू झाली. तिच्या जाळ्याचा चौकोन सुमारे ६ किलोमीटरचा आहे. एवढ्या चौकोनात एखादी टेकडी किंवा झाडांची रांग दिसत नाही. म्हणून संगणकाच्या उत्तरात स्थानिक नोंदींवरून दुरुस्ती करतात. म्हणजे तिसऱ्या पद्धतीलाही दुसरीचा आधार लागतोच.

करून पाहा : यंत्र नसले तरी ब्यूफोर्ट मापनश्रेणी वापरता येते. पाने सळसळली व वारा तोंडाला जाणवला, तर अंक २. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या, तर ३. धूळ व कागद उडू लागले, तर ४. शाळेच्या मैदानावर पंधरा दिवस रोज १२ व ३ वाजता नोंद करा. सोळाव्या दिवसापासून १२ वाजताच पहिल्या दोन पद्धतींनी ३ वाजताचा अंदाज लिहून ठेवा. प्रत्यक्ष अंकाशी पडलेला फरक अधिक-उणे चिन्ह न धरता मांडा आणि दहा दिवसांची सरासरी काढा. जिची सरासरी चूक कमी, ती पद्धत तुमच्या मैदानापुरती सरस. मात्र अंदाज आधी लिहिलेला हवा. वारा पाहून मागाहून लिहिला, तर तो अंदाजच नव्हे!