दोषाचा शोध : आमचें ग्राफिक्स कार्ड

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे आपल्या मनांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : तें कोणीं बिघडविलें, आणि नवें केवढ्याला मिळेल? खरें पाहतां या दोहोंच्या आधीं तिसरा प्रश्न विचारावयास हवा : नक्की काय बिघडलें आहे? हा क्रम चुकल्यामुळें आमच्या घरीं एक अन्याय घडला, आणि मोठा खर्च होतां होतां टळला. ती हकीकत सांगण्यापूर्वीं ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हें थोडक्यांत पाहूं.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. नेहमीच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडव्या ओळींत १९२० व उभ्या ओळींत १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. आणि तें चित्र बहुधा सेकंदाला ६० वेळां नव्यानें रेखाटावें लागतें. हें काम मुख्य प्रोसेसरच्या माथीं न मारतां तें करणारा वेगळा कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. तें मदरबोर्डावरील एका लांब खाचेंत बसतें. त्या खाचेंतून कार्डास फार तर ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डास ती पुरत नाहीं, म्हणून पॉवर सप्लायमधून त्यास निराळी वायर जोडतात. सहा पिनांच्या जोडणींतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणींतून १५० वॅट वीज घेण्याची मर्यादा ठरलेली आहे. हे आंकडे ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडेल.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. धाकटा भाऊ संगणकावर खेळ खेळत असतां एकाएकीं पडदा काळा झाला आणि आंतील पंखे घोंघावूं लागले. मी धांवत गेलों आणि कांहीं न पाहतांच म्हणालों, “खेळून खेळून कार्ड जाळलेंस ना शेवटीं!” तो रडवेला होऊन म्हणाला, “दादा, मीं कांहींच केलें नाहीं.” त्याचें कोणींच ऐकलें नाहीं. बाबांनीं एका दुकानदारास विचारलें. त्यानेंही पेटी न उघडतां सांगून टाकलें कीं कार्ड गेलें, नवें घ्या. माझ्या पुढील वर्षाच्या फीसाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतून तें घेण्याचें बाबांनीं ठरविलें. तेव्हां मात्र मला आमच्या प्रयोगशाळेंतील शिस्त आठवली. मी म्हणालों, “बाबा, दोन दिवस थांबा. मी आधीं तपासून पाहतों.”

पहिली पायरी : दोष कोठें नाहीं, हें ठरविणें. संगणक नव्यानें सुरू करून मीं कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबली. तिचा दिवा लागला आणि विझला. म्हणजे संगणक चालत होता, चित्र तेवढें येत नव्हतें. मॉनिटरवर सिग्नल मिळत नसल्याचा संदेश उमटत होता. तेव्हां मॉनिटरही जिवंत होता. केबल बदलून पाहिली, फरक पडला नाहीं.

दुसरी पायरी : वाट बदलणें. मॉनिटरची केबल कार्डावरून काढून मदरबोर्डावरील जागीं लावली. चित्र दिसलें! आमच्या प्रोसेसरमध्यें चित्र काढण्याची लहानशी सोय अंगभूत आहे. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत ती नसते.) यावरून दोष कार्डांत, त्याच्या बैठकींत, त्याच्या विजेंत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्यें असला पाहिजे, असें सिद्ध झालें.

तिसरी पायरी : ड्रायव्हर. संगणक सुरू होतांच, विंडोज उघडण्यापूर्वीं, निर्मात्याचें चिन्ह पडद्यावर येतें. त्या वेळीं ड्रायव्हर कामाला लागलेलाच नसतो. आमच्या कार्डाच्या वाटेनें तें चिन्हही येत नव्हतें, आणि डिव्हाइस मॅनेजरच्या यादींत कार्डाचें नांवच नव्हतें. म्हणून ड्रायव्हरवरील संशय फिटला. चिन्ह नीट दिसून नंतर पडदा काळा होत असेल, तर मात्र सेफ मोडमध्यें जाऊन ड्रायव्हर काढावा व नव्यानें बसवावा.

चौथी पायरी : पेटी उघडणें. संगणक बंद करून वायर भिंतींतील सॉकेटमधून काढली, सुरू करण्याची कळ एकदां दाबून उरलीसुरली वीज जाऊं दिली, आणि अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधींही उघडूं नये; त्यांतील कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

आंत पाहतों तों आठ पिनांचा प्लग किंचित् तिरपा! त्याचा खटका अडकलेलाच नव्हता. अर्धवट टेकलेल्या पिना साध्या कामापुरती वीज देत राहिल्या. खेळाचा भार वाढतांच त्यांनीं दगा दिला. प्लग काढून पाहिला. सुदैवानें कोठें वितळल्याची वा काळवंडल्याची खूण नव्हती. ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत तो सरळ दाबला, केबल पुन्हां कार्डास लावली, आणि चित्र परत आलें.

एवढ्यानें काम झालें नसतें तर? खाचेच्या टोंकाची पट्टी दाबून कार्ड काढावें, धूळ झाडावी, सोनेरी पट्ट्या न घांसतां स्वच्छ करून तें पुन्हां बसवावें. शेवटीं दुसऱ्या संगणकांत लावून पाहावें. तेथेंही तें मुकेंच राहिलें, तरच तें मेलें असें म्हणावें. भट्टींत भाजून कार्ड जिवंत करण्याची युक्ति कोणी सांगितली तर ऐकूं नये. ती दुरुस्ति नव्हे, आणि तिचा धूर विषारी असतो. आणि मुख्य नियम हा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर कोणत्या उपायानें गुण आला हें कधींच कळत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न, प्लग सैल कोणीं केला? दिवाळीच्या झाडलोटींत पेटी उघडून धूळ झाडणारा मीच होतों. वायर आड येते म्हणून ती मींच काढली होती, आणि घाईनें परत लावली होती. तें आठवलें तेव्हां मी भावाजवळ गेलों आणि सर्वांदेखत म्हणालों, “चूक माझी होती.” तो हंसला, आणि लगेच विचारूं लागला, “दादा, तो खटका मला दाखवशील?”

मीं त्यास दाखविला. आतां पेटी उघडावयाची झाली कीं आम्ही दोघे मिळून उघडतों, आणि प्रत्येक प्लगचा ‘खट्’ आवाज तो कान देऊन ऐकतो.